उलटवणारे अप्पा

आमच्या शेजारचे कंट्रोलर अप्पा रोज सकाळी स्वतःला आलेल्या शिव्या वाचायचे. कुणी पेपर वाचावा तशा, चहा पीत, कसलीही घाई न करता. समोर त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्या मान वर न करता विचारायच्या, "आज काय म्हणतेत?"

"आज निसतं गाढव म्हणलंय एकानं."

"मग बरं हाय," काकू म्हणायच्या आणि खडा काढून टाकायच्या.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, त्यामुळं हे संभाषण माझ्या सकाळचा भागच झालं होतं. मी लोहाऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. अप्पा आमच्या बसस्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. खरं नाव चनबसप्पा, पण त्या नावानं हाक मारली तर त्यांनी मागं वळून पाहिलं नसतं. सगळी नोकरी त्या काचेच्या खोलीत माइकसमोर गेली. उमरगा गाडी का आली नाही, तुळजापूर गाडीत जागा का नाही, सगळ्याचा जाब लोक खिडकीत डोकं घालून त्यांनाच विचारायचे. "गाडी पंक्चर उमरग्यात, शिव्या मला लोहाऱ्यात," असं ते सांगायचे. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडं माणसं शेतात लक्ष घालतात, नाहीतर भावकीच्या भांडणात. अप्पांनी इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश धरला. हा ज्ञानकोश कुणी पंडित लिहीत नाहीत. वाचणाऱ्यांनीच लिहायचा, वाचणाऱ्यांनीच दुरुस्त करायचा, आणि तोही फुकट. कुणीही उठावं आणि कुठलंही पान बदलावं. अप्पांनी आधी आसपासच्या गावांची पानं लिहिली. नदी कुठली, जत्रा कधी, शाळा कितवीपर्यंत. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण संध्याकाळी लिहिलेलं सकाळपर्यंत कुणीतरी पुसतं आणि तिथं स्वतःचं नाव लिहून जातं. झालं. लिहायचं राहिलं बाजूला आणि अप्पा राखणीला बसले.

त्या कामाचे शब्द मला भिंतीवरूनच कळले. पानाची नासधूस करणं म्हणजे उत्पात. ती काढून आधीचा मजकूर परत आणणं म्हणजे उलटवणं. नव्या माणसानं हात साफ करावा म्हणून एक वेगळं पान दिलेलं असतं, त्याला म्हणतात धूळपाटी. आणि ज्याला एखादं पान कुलूपबंद करता येतं, उत्पाती माणसाला काही काळ रोखता येतं, तो प्रचालक. बाकीच्या लिहिणाऱ्यांनी मतं देऊन अप्पांना प्रचालक केलं तेव्हा काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी तो नळावर सांगितला.

नळावरून बाजारात पोचेपर्यंत प्रचालकाचा संचालक झाला. लोहाऱ्यात संचालक एकतर पतसंस्थेचा असतो नाहीतर साखर कारखान्याचा. तिसरा प्रकार लोकांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'संचालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', मधे अप्पांचा ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. एक गृहस्थ मुलाचा बायोडाटा घेऊन आले. "पोराला कुठंतरी चिकटवा, अप्पा." अप्पांनी त्यांना चहा दिला, कॉम्प्युटर दाखवला, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे कुणाला नोकरीला लावता येत न्हाय?"

"न्हाय."

"मीटिंगला गाडी येती का न्यायला?"

"मीटिंगच न्हाय."

"मग निवडून कशाला आलाव?"

हा प्रश्न अप्पांनी संध्याकाळी भिंतीवर कोपरं टेकून मलाही विचारला. "त्याचं बी बरोबर हाय, मॅडम," असं म्हणून ते आत गेले. फ्लेक्स मात्र पुढं बरेच दिवस तसाच राहिला, उन्हानं अप्पांचा चेहरा उडून जाईपर्यंत.

उत्पात करणाऱ्यांचा त्यांना राग नाही, हे मला फार दिवस खरं वाटलं नाही. मला स्वतःला पेपर तपासतानासुद्धा राग येतो. पण अप्पा त्यांच्याकडं प्रवासी म्हणून बघत. राजा-महाराजांच्या पानात मधेच 'सोन्या भाऊ किंग' लिहिणारा म्हणजे दाराला लटकणारा पोरगा. उतर म्हटलं की उतरतो. एकदा कुणीतरी आमच्या गावाचं पान सगळं पुसून एकच ओळ लिहिली, 'लोहारा लई भंगार गाव हाय.' अप्पा भिंतीशी आले.

"उलटवू का, मॅडम?"

"म्हणजे काय? उलटवा की."

"उलटवतो. पण खाली संदर्भ दिला असता तर अवघड हुतं."

खरा जीव खायची ती प्रेमानं लिहिणारी माणसं. आपलं गाव जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं, आपला नेता सगळ्यात दानशूर, आपली जत्रा सगळ्यात मोठी. यांना पुरावा मागितला की ते म्हणत, पुरावा कशाला, सगळ्यांना माहीत आहे. अप्पा उलटवत, ते परत लिहीत. जिल्ह्याच्या नावाचा वाद पेटला तेव्हा तर पान सकाळी धाराशिव असायचं आणि दुपारी उस्मानाबाद. अप्पांनी पानाला कुलूप घातलं. "बोर्ड बदलायचा हुकूम आला की मी बोर्ड बदलतो," ते म्हणाले. "हुकूम यायच्या आधी बदलत न्हाय, आन् आल्यावर कुणी जुना लाव म्हणलं तर लावत न्हाय." त्यामुळं हुकूम येईपर्यंत एका बाजूनं त्यांना शिव्या दिल्या आणि आल्यावर दुसऱ्या बाजूनं. त्यातल्या एकीत त्यांच्या आईचा उद्धार होता. काकूंनी सूप खाली ठेवलं. "आमच्या सासूबाईला? जित्या हुत्या तवा आख्ख्या गल्लीत कुणाची हिंमत न्हवती." त्या दिवशी त्या दोघांनी म्हातारीच्या आठवणी काढून इतकं हसून घेतलं की शिवी देणाऱ्याला कळलं असतं तर तो खजील झाला असता.

तुळजापूरच्या एका लॉजवाल्याची गोष्टही अशीच. तो देवळाच्या पानात पुन्हा पुन्हा 'स्वच्छ खोल्या, चोवीस तास गरम पाणी' असं लिहून खाली आपला नंबर द्यायचा. अप्पांनी चक्क त्या नंबरावर फोन केला आणि इथं जाहिरात चालत नाही म्हणून सांगितलं. लॉजवाला कळकळीनं म्हणाला, "साहेब, पाणी खरंच गरम असतंय. तुमी येऊन आंघोळ करून बघा की." अप्पा म्हणाले, "मी येऊन बघून चालत न्हाय. माझ्या आंघोळीला कोण इचारतंय? कुठंतरी छापून आलेलं लागतंय." हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं तिथं लिहायचं नाही. बाहेर छापून आलेलं, कुणालाही उघडून बघता येईल असं काहीतरी दाखवायचं. मी त्यांना म्हटलं, असं असेल तर मी मराठी शिकवते हेही खोटं. ते म्हणाले, "खोटं न्हाय, मॅडम. बिगर संदर्भाचं हाय."

गंमत होती, पण माणूस थकत चालला होता हे आम्हाला दिसत होतं. सुरुवातीला ते प्रत्येक उत्पात्याला हातानं निरोप लिहायचे. अहो दादा, तुम्ही इथं आलात आनंद झाला, पण असं का केलंत? ऱ्हस्व-दीर्घ मला भिंतीवरून विचारून घ्यायचे. बरोबरीचे प्रचालक, कुणी पुण्याचे, कुणी नागपूरचे, कधी भेट न झालेले, एकेक करून गप्प झाले. कुणाला नोकरी, कुणाला मुलंबाळं, कुणाला नुसताच वीट. काम उरलेल्यांवर आलं. अप्पांची मान दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी तयार निरोप चिकटवायला सुरुवात केली. 'आपला प्रयोग पोचला. तो आता काढून टाकला आहे. सरावासाठी कृपया धूळपाटी वापरावी.' सगळ्यांना तेच. मी टोकलं तर म्हणाले, "स्टँडवर शेवटी टेप लावलीच न्हवं? घसा माझा एकच हाय." सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना ते आता 'चला' म्हणत नसत, नुसता श्वास सोडत. काकू म्हणायच्या, सोडा की मग. अप्पा म्हणायचे, "सोडायचं हायच. जरा आवरलं की सोडतो." आवरणार काय होतं ते देव जाणे.

आणि अशातच ते शरणप्पा पैलवानांचं प्रकरण झालं.

शरणप्पा पैलवान तळीखेडचे. तळीखेड म्हणजे उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून, घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारं गाव. अप्पांनी लहानपणी त्यांना जत्रेच्या फडात बघितलं होतं आणि ते सांगताना अप्पांचे खांदे आपोआप रुंद व्हायचे. ज्ञानकोशातलं पैलवानांचं पान अप्पांनीच लिहिलेलं. त्यासाठी ते धाराशिवच्या वाचनालयात बसून जुन्या पेपरांतल्या बातम्या शोधून आले होते. त्यात कोल्हापूरकडच्या एका नावाजलेल्या मल्लाशी झालेली कुस्ती होती, बरोबरीत सुटलेली. ती बरोबरी शेजारच्या हिरेखेडला कधीच पचली नाही. हिरेखेडची पोरं दर जत्रेच्या सुमाराला येऊन 'बरोबरीत सुटली' खोडायची आणि 'पैलवानानं हात जोडले' लिहायची. एकदा तर त्यांनी 'पैलवान मेला' असं लिहून पुढं दात काढणारी तोंडं चिकटवली. त्या दिवशी मात्र अप्पा चिडले. जित्या माणसाला मारणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात हलका उत्पात. त्यानंतर त्या पानावर मरणाचा शब्द आला की अप्पा छापील पुरावा बघायचे, आणि तो नसला की दुसरं काही न बघता उलटवायचे.

म्हणून एके सकाळी कुणीतरी, नाव न देता, 'शरणप्पा पैलवान लिंगैक्य झाले' असं लिहिलं तेव्हा अप्पांनी ते उलटवलं. लिंगायत घरांत माणूस गेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. अप्पा स्वतः त्याच समाजातले, त्यांना शब्द नवा नव्हता. "हिरेखेडवाले सुधारले बघा," ते मला म्हणाले. "आता मारताना बी मान देतेत." दुसऱ्या दिवशी तीच ओळ परत आली. तिसऱ्यांदा लिहिणाऱ्यानं खातं उघडलं आणि नाव घेतलं 'पैलवानाची लेक'. अप्पा हसले. असल्या नावांचा त्यांना अनुभव होता. त्यांनी नेहमीचा निरोप चिकटवला, सरावासाठी धूळपाटी वापरावी, पानाला कुलूप लावलं, त्या खात्याला लिहायला बंदी केली आणि आंघोळीला गेले.

काही दिवसांनी दुपारी त्यांचा फोन वाजला. मी काकूंकडं पापड लाटायला गेले होते. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात बसून अप्पांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर टाकत.

"तुमी कंट्रोलर का?" बाईचा आवाज होता.

"व्हय. कोण बोलतंय?"

"मी अंबिका. तळीखेडवरनं. तुमी तुमच्या वळखीच्या पानावर लोहारा आन् एस्टी लिवलंय, म्हणून स्टँडला फोन करून नंबर घेतला." मग म्हणाली, "माझ्या आण्णांना अजून किती दिस जित्तं ठेवणार हायत तुमी?"

अप्पांनी चष्मा काढला.

"मी लिहायलेय, तुमी पुसायलाव. रोज. शाळेतली लेकरं मोबाइलवर बघतेत आन् म्हणतेत, मावशी, तुमचे आण्णा तर हायत की. मला धूळपाटीवर सराव करा म्हणलाव. बाप गेल्याचा सराव करतंय का कुणी?"

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. अप्पांना काहीतरी बोलायचं होतं, पण एवढ्या वर्षांत माइकवर जो आवाज कधी बसला नाही तो त्या दिवशी बसला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "बाई, मी येतो तिकडं."

"आन् येऊन काय करताव?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी निघताना काकूंनी मला सोबत धाडलं. "तिथं कुणी चार शब्द बोललं तर हे ऐकूनच घेतील, तुमी तरी तोंड उघडा," असं त्यांचं म्हणणं. उमरग्यापर्यंत एस्टी, पुढं जीप. गाडी उशिरा सुटली तरी अप्पांनी घड्याळ पाहिलं नाही.

अंबिका चाळिशीची, अंगणवाडीत शिकवणारी, बापासारखीच खांद्यात रुंद बाई. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. सरळ शेताकडं घेऊन गेली. लिंगायतांत दहन नसतं, दफन असतं. बांधाजवळ ताज्या मातीचा चौथरा होता, त्यावर बेलाची वाळलेली पानं आणि विभूतीचे पट्टे. अप्पांनी चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि तसेच बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, त्यांना लहानपणीचा तो फड दिसत असावा.

"बघितलात न्हवं?" अंबिका म्हणाली. "आता लिवा."

अप्पा उठले. "मी बघितलेलं तिथं चालत न्हाय, बाई."

तिला वाटलं हा म्हातारा थट्टा करतोय. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिनं पदराखाली घट्ट धरलेली पिशवी उघडली आणि ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला काढला. अप्पांनी तो दोन्ही हातांत घेऊन वाचला आणि परत दिला.

"हा तुमच्या घरातला कागद हाय. जगात कुणालाबी उघडून बघता यील असं छापलेलं लागतंय."

"सरकारनं मानलंय, कंट्रोलर! सरकारनं मानलं की माझा बाप गेला. तुमी कोण न मानणारे?"

"मी मानलंय, बाई. माझा इतबार बसला, म्हणून तर मातीला हात लावला. पण उद्या दुसरा कुणीतरी यील, म्हणल मी बघून आलो, आन् जित्या माणसाला मारून जाईल. त्याला मी कुठल्या तोंडानं अडवू?"

"म्हंजे त्या मवाली पोरांपायी आमी दारात उभं ऱ्हायचं?"

मला अप्पांचा इतका राग आला की सांगता येत नाही. एक ओळ. तीही त्यांनीच लिहिलेल्या पानावर, ज्याची किल्ली त्यांच्याच खिशात. समोर माती अजून ताजी होती आणि हा माणूस नियम सांगत होता. काकूंनी मला तोंड उघडायला धाडलं होतं, पण ते अप्पांच्या बाजूनं. म्हणून मी गप्प राहिले.

शेतावरून अंबिकाच्या घरी परतलो तेव्हा पैलवानांची म्हातारी बायको ओसरीवर बसली होती. तिला मराठी कळायचं, बोलायला मात्र कन्नडच. लेकीचा चढलेला आवाज ऐकून ती म्हणाली, "होगली बिडव्वा." जाऊ दे, सोड. अप्पा तिच्यासमोर पायरीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "तप्पायितु, तायी." चूक झाली, आई. मग म्हातारीनं आतून सगळ्यांना चहा मागवला. तो अंबिकानंच केला आणि कप अप्पांच्या पुढ्यात जरा आपटून ठेवला.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. अप्पा बाहेर बघत म्हणाले, "मॅडम, मी चुकीचं बोललो न्हाय. पण मी लई वाईट वागलो. तीनदा लिवलं तिनं. एकदा जरी हातानं निरोप लिवला असता, बाई तुमी कोण, एवढं जरी इचारलं असतं." मग जरा वेळानं, "वाचतच न्हवतो मी. निसतं पुसत हुतो."

मी सुचवलं की निधनवार्ता तुम्हीच लिहा आणि उमरग्याच्या वार्ताहराला द्या, तो छापेल, झाला तुमचा पुरावा. अप्पा घाबरल्यासारखे झाले. स्वतःच बातमी द्यायची आणि स्वतःच तिचा संदर्भ द्यायचा, ही लबाडी. ते उमरग्याला उतरून वार्ताहराकडं गेले जरूर, पण फक्त एवढंच म्हणाले की तळीखेडला एक मोठा पैलवान गेला आहे, तुमच्या पेपरात आलं नाही, तुम्ही स्वतः जाऊन विचारा. वार्ताहर म्हणाला, बातमी शिळी झाली. अप्पा म्हणाले, "तिच्यासाठी न्हाय झाली." आणि तिथंच बाकावर बसून राहिले. स्टँडवरच्या माणसाला बसून राहता येतं. शेवटी कंटाळून वार्ताहरानं मोटारसायकल काढली.

बातमी आली. फोटो होता, कुस्त्यांचा उल्लेख होता, जिल्ह्याच्या कुस्तीचं नुकसान झाल्याचं वाक्य होतं. फक्त पहिल्याच ओळीत छापलं होतं, 'हिरेखेड येथील ज्येष्ठ मल्ल'.

अप्पांनी डोकं धरलं. तेवढ्यात अंबिकाचा फोन आला आणि स्पीकरवरून आधी नुसता खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती. "कंट्रोलर, वाचलं का? आण्णा मेल्यावर हिरेखेडला नांदायला गेले की हो!" मागून म्हातारीचंही हसू ऐकू आलं. आम्हीही हसलो, काकू तर डोळे पुसत हसल्या. अप्पांनी तिला समजावलं की या बातमीतून फक्त जाण्याची तारीख घ्यायची, गाव जुन्या बातमीत बरोबर आहे, आणि आता हिरेखेडवाले हे कात्रण नाचवणार, त्यांना चर्चेच्या पानावर काय उत्तर द्यायचं ते आधीच लिहून ठेवतो. बोलता बोलता त्यांचा आवाज पडत गेला. एक उत्पात मिटवायला गेले आणि नव्या उत्पाताला छापील पुरावा मिळवून दिला, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी पानाचं कुलूप काढलं, तिच्यावरची बंदी उठवली आणि तिला हातानं निरोप लिहिला. मला दाखवला. 'अंबिकाबाई, तुम्ही खरं लिहीत होता आणि मी न वाचता पुसत होतो. माफ करा. ओळ तुम्हीच लिहा.' मी म्हटलं, याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आता अप्पा लोहाऱ्यात नाहीत. मान फारच धरायला लागली म्हणून मुलगा दोघांना सोलापूरला घेऊन गेला. जायच्या आधी त्यांनी प्रचालकपद सोडलं होतं. कधी फोनवर बोलतात, नातवाचं सांगतात, ज्ञानकोशाचा विषय काढत नाहीत आणि मीही काढत नाही. भिंतीपलीकडं नवं बिऱ्हाड आलं आहे, चांगली माणसं आहेत, पण सकाळी फार शांत वाटतं. मला अप्पा आठवतात ते त्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे.

अंबिकाचा फोन आला. ती मोबाइलवर लिहीत होती आणि अप्पा इकडं कॉम्प्युटरवर बघत होते. मी ऱ्हस्व-दीर्घासाठी शेजारी खुर्ची टाकून.

"निधन लिवू का लिंगैक्य?"

"घरात काय म्हणताव?"

"लिंगैक्य."

"मग तेच लिवा."

"नियमात बसतंय का?"

"बसवतो," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

ओळ आली. तारीख, शब्द, खाली बातमीचा संदर्भ, सगळं नीट. अप्पांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. पलीकडून अंबिकानं बरं म्हटलं. मग अप्पा पानाच्या वरच्या टोकाला गेले आणि थबकले. तिथं पहिलंच वाक्य होतं, 'शरणप्पा पैलवान हे तळीखेड येथील नामवंत मल्ल आहेत.'

"बाई, वर एक ऱ्हायलंय. पहिल्या वाक्यात अजून 'आहेत' हाय. ते 'होते' करून टाका, म्हंजे जुळलं."

अप्पांना वाटलं ऐकू गेलं नाही, त्यांनी परत सांगितलं.

"दिसलंय मला," अंबिका म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "दोनदा खोडलं. पुन्ना तेच लिवलं. तेवढं माझ्यानं व्हईना, कंट्रोलर. तुमी करा."

एवढे दिवस बापाचं मरण लिहू द्या म्हणून भांडलेली बाई ती. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी जन्मभर पोरांकडून वर्तमानकाळाचा भूतकाळ करून घेतलेला, पण मीही हात पुढं केला नाही. 'आहेत' हे कधीकाळी अप्पांनीच लिहिलेलं होतं, मोठ्या हौसेनं. ते पडद्याकडं बघत बसले. काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मग अप्पांनी एका बोटानं ती अक्षरं मागून एकेक करून खोडली आणि तिथं 'होते' लिहिलं.

"झालं, बाई," ते म्हणाले.

पलीकडून हुंदके सुरू झाले. अप्पांनी घाईनं स्पीकर बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला, आणि आमच्याकडं पाठ करून ऐकत बसले.